पाटनची अंजनी

आमच्या गल्लीत कुंदाबाईंना कुंदा म्हणणारं कोणी नाही. शेजारची हिंदी मंडळी त्यांना 'रोटीवाली अम्मा' म्हणतात. मराठी घरांत त्या 'पोळ्यावाल्या काकू' आहेत. त्यांचे यजमान विठोबा त्यांना नुसतं 'अवो' म्हणतात आणि मी 'वहिनी' म्हणतो. त्यामुळे नावावाचून त्यांचं कधी अडलं नाही. अडलं ते पेन्शनच्या वेळी. त्या कामात मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून मला जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहितो.

नागपूर-वर्ध्याकडून पिढ्यांपूर्वी जबलपूरला आलेल्या आमच्या लोकांत लग्नाकार्याला लांब पोळ्या लागतात. चुलीवर मडकं पालथं घालायचं. कणीक इतकी सैल भिजवायची की हातावरून ओघळली पाहिजे. मग ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत लांबवायची आणि कोपरापर्यंत आली की तापलेल्या मडक्यावर टाकायची. ज्याला जमत नाही त्याची कणीक चुलीत पडते. कुंदाबाईंची पडत नसे. आमच्या गढ्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रांझीपर्यंत कोणाच्याही मांडवात त्या मागच्या बाजूला चुलीपाशी दिसत, आणि वाढपी पोळ्या नेताना त्यांना म्हणत, "काकू, जरा दमानं, पंगत अजून बसायची आहे."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तो त्यांनी केला, पण पोळी झुलवण्याइतका हात काही सुटला नाही. त्यांची कामं गेली. विठोबा लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, कामाला होते, तेही दम्यामुळे घरी बसले होते. त्यांना वृद्धावस्था पेन्शन मिळे. ती खोलीच्या भाड्यात आणि औषधात संपे. कुंदाबाईंना चहापत्ती आणायची झाली तरी विठोबांकडे हात पसरावा लागे, आणि जन्मभर स्वतः कमावलेल्या बाईला ते फार लागत होतं.

"भाऊजी, त्यांची पेन्शन त्यांची," त्या मला म्हणाल्या. "मले माझी पाहिजे. माझं वय झालं नाई काय?"

वय झालं होतं, पण कागदावर झालं नव्हतं. आधार काढायला शाळेत शिबिर लागलं होतं तेव्हा मशीनवरच्या मुलाने वय विचारलं. मागे रांगेत अख्खी गल्ली उभी होती. कुंदाबाई लाजल्या आणि म्हणाल्या, "लिहा ना, असेल चाळीस-पंचेचाळीस." त्याने लिहून टाकलं. तेव्हापासून त्या कागदावर त्यांच्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहेत.

वॉर्डाच्या कार्यालयात पेन्शनचं काम चौकसेबाबूंकडे होतं. गोल चेहऱ्याचे, पान खाणारे, चेष्टेखोर गृहस्थ होते. त्यांनी आधार पाहिलं आणि म्हणाले, "अम्मा, आप तो अभी जवान हैं. कुछ साल बाद आइए."

"याले म्हणा माझा खांदा पाहा," वहिनी मला म्हणाल्या.

मी ते हिंदीत सांगितलं. चौकसेबाबू म्हणाले की खांद्याची पेन्शन सरकार देत नाही, वयाची देते. वयाचा पुरावा आणा. शाळेचा दाखला असेल तर सगळ्यात चांगलं.

शाळा जबलपूरजवळच्या पाटनला, माहेरी झाली होती, चौथीपर्यंत. वहिनींनी भावाला फोन केला. भावाचं नाव भय्यासाहेब. नाव भारदस्त आहे, माणूस पाटनच्या मंडईत मटाराची पोती उचलतो. त्याने आठवड्याच्या आत शाळेतून दाखला काढला आणि जबलपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ पाठवून दिला. दाखल्यात जन्मतारीख स्पष्ट होती. वहिनींचं वय पेन्शनच्या हद्दीच्या चांगलं पुढे गेलेलं निघालं. आम्ही खुशीत पुन्हा कार्यालयात गेलो.

चौकसेबाबूंनी दाखला वाचला, चष्मा वर केला.

"ये अंजनी कौन है?"

"मीच," वहिनी म्हणाल्या.

"और कुंदा?"

"तेही मीच."

"अम्मा, एक कोई हो जाइए."

मला बोलायची भीती वाटते, त्यातून कार्यालयात जास्तच. पण सांगणं भाग होतं. मी म्हणालो की आम्हा मराठी लोकांत लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो आणि तिथून पुढे ती त्या नावाची.

"सरनेम बदलता है भैया," चौकसेबाबू म्हणाले. "नाम थोड़ी बदलता है."

"आमच्यात तेही बदलतं."

"लिखा कहाँ था? चावल में?" त्यांनी उठून दाराबाहेर पानाची पिंक टाकली आणि परत येऊन बसले. "तो वो चावल ले आइए, हम अटैच कर देंगे."

शेजारच्या टेबलावरच्या मुली हसल्या. वहिनीही हसल्या. मला मात्र घाम फुटला होता.

तरी चौकसेबाबू वाईट माणूस नव्हते. त्यांनी संगणकावर पाटन, बापाचं नाव आणि जन्मतारीख घालून शोधलं. मग पडदा आमच्याकडे वळवला. "लीजिए. अंजनी तो पाटन में बैठी हैं. इसी बाप की, इसी तारीख की. भाई के परिवार में नाम है. हर महीने राशन भी उठ रहा है."

वहिनींनी पडद्यावरचं नाव वाचलं. हिंदी अक्षरं त्यांना वाचता येतात.

"बरी आहे ना ती?" त्या म्हणाल्या. "तिचा खांदा कसा आहे, विचारा जरा."

पुढचा रस्ता चौकसेबाबूंनी समजावला. अंजनी आणि कुंदा एकच आहेत असं शपथपत्र लागेल. लग्नाच्या आधीपासून ओळखणारं माहेरचं कोणीतरी इथे समोर येऊन तसं सांगेल. आणि पाटनच्या परिवारातून अंजनीचं नाव कमी होईल, त्याला त्या घरच्या कर्त्याची संमती पाहिजे. एक बाई दोन घरांत राहू शकत नाही. माहेरचं म्हणाल तर आई-वडील केव्हाच गेले होते, काका-मामाही उरले नव्हते. लग्नाआधीची अंजनी पाहिलेला माणूस एकच होता, भय्यासाहेब. आणि घरचा कर्ताही तोच.

रविवारी आम्ही पाटनला गेलो. भय्यासाहेबांचं घर मंडईच्या मागे आहे, दोन खोल्यांचं. मटाराचा हंगाम होता. त्यांची बायको अवंती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती आणि दोन नातवंडं दाणे खात होती. भय्यासाहेबांनी मला खुर्ची दिली, स्वतः पोत्यावर बसले. साठीचा माणूस, पण बहिणीपुढे तो पोरासारखा दिसत होता.

"अक्का, तू फोनवर सांगतलं असतं तर मीच आलो असतो ना," ते म्हणाले.

"फोनवर सांगायसारखं नाई. पाटनच्या कंट्रोलच्या दुकानातून मी धान्य उचलून राहिली म्हणतात. मले कसं ठाऊक नाई?"

भय्यासाहेबांनी मान खाली घातली. अवंतीच्या हातातली शेंग थांबली.

"आईनं लिहून दिलं होतं," भय्यासाहेब म्हणाले. "ते घरोघरी नावं लिहायले आले होते ना, तवा आई होती. म्या म्हटलं, अक्काचं लग्न होऊन जमाना झाला. तर आई मलेच बोलली. म्हणे, पोरीचं नाव घरातून काढायचं नसते. लिहा हो, अंजनी. ते लिहून गेले."

"अन् आई गेल्यावर?"

"मग राहून गेलं."

"राहून काय गेलं," अवंती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, एवढं मी त्या दिवशी पाहिलं. "धान्य येऊन राहिलं होतं, कोण काढते नाव? अंगठा घरातल्या कोणा एकाचा लागे, तो हे देत. अन् अक्काजी, भाऊबीजेचे तांदूळ तरी कुठले वाटले तुम्हाले?"

"चूप ना," भय्यासाहेब म्हणाले.

हे भाऊबीजेचं सांगितलं पाहिजे. दर दिवाळीला भय्यासाहेब बहिणीला तांदळाचं पोतं आणून देत. ते आलं की वहिनी गल्लीत वाटीवाटी तांदूळ वाटत. माझ्या घरीही येत. "माहेरचे आहेत, भाऊजी," असं म्हणून देत. वाटी देताना त्यांचा चेहरा मला आठवतो. त्या दिवशी अवंतीचं त्यांनी ऐकून घेतलं. आलेला चहा बशीत ओतून त्यांनी सावकाश संपवला.

"म्हणजे माझंच धान्य मी माहेरचं म्हणून खाल्लं," त्या शेवटी म्हणाल्या.

"सगळं नाई खाल्लं," अवंती म्हणाली. "बाकीचं या पोरांनी खाल्लं."

यावर वहिनींना हसू आलं. मोठ्याने नाही, नाकातून. भय्यासाहेब मात्र हसले नाहीत.

मग वहिनींनी काम सांगितलं. जबलपूरला यायचं, चौकसेबाबूंसमोर सांगायचं, संमतीचा अंगठा द्यायचा. अवंतीने लगेच हिशेब मांडला की नाव गेलं की घरातलं एका माणसाचं धान्य गेलं, आणि मटाराचा हंगाम सरला की यांना काम नसतं. ती भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. शेंगा सोलणं तिने पुन्हा सुरू केलं होतं.

"मंगळवारी मी तिथं बसून राहीन," वहिनी उठत म्हणाल्या. "आला तर ये. नाई आला तर मी समजून घेईन. पण मग कोणाले विचारू नको, अक्का कशी आहे म्हणून."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शेवटचं बोलायले नाई पाहिजे होतं."

घरी विठोबांना कळलं तेव्हा त्यांचा दमा उसळला. "माझ्या बायकोचं नाव त्याच्या घरात काहून?" ते म्हणाले. "लग्न कोणाशी झालं हिचं? तांदळात कोणी लिहिलं?"

"तुम्ही लिहिलं," वहिनी म्हणाल्या. "पण त्यानंतर एकदा तरी तोंडानं म्हटलं काय? सगळा जन्म अवो, अवो. माझ्या आईनं निदान नाव लिहून ठेवलं."

विठोबा कॉटवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मंगळवारी सकाळी मात्र ते दाढी करून, स्वच्छ सदरा घालून रिक्षात आमच्या आधी बसले होते.

कार्यालयात त्या दिवशी गर्दी होती. बाकावर विठोबा, वहिनी आणि मी असे बसलो. शपथपत्र तयार होतं. वहिनी दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत आणि पाहिलं नाही असं दाखवत. लोकांची कामं होत गेली. एका म्हाताऱ्याची पेन्शन जिवंत असल्याचा दाखला दिला नाही म्हणून थांबली होती, तो चौकसेबाबूंना ओरडून सांगत होता, "हम सामने खड़े हैं, और कैसे जिंदा होते हैं?" त्याचंही काम झालं. दुपारच्या जेवणाची वेळ होत आली. बाबूंनी डबा टेबलावर काढून ठेवला.

"आए नहीं आपके भाई?"

"मटारचा सीझन आहे," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "चला भाऊजी. त्याची नातवंडं लहान आहेत. खाऊ दे. मी कोणाच्या घरी भाज्या चिरीन, त्याले खांदा लागत नाई."

"बस ना अवो," विठोबा म्हणाले. "मी दाढी करून आलो."

आम्ही उठलोच होतो. तेवढ्यात भय्यासाहेब दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पण केसांत मटाराच्या पोत्यांचा कचरा तसाच होता. पहाटेच्या गाड्या भरून मग ते निघाले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका होती. त्यांनी बहिणीकडे पाहिलं नाही, सरळ टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

चौकसेबाबूंनी डबा बाजूला सरकवला. "ये आपकी कौन हैं?"

"अक्का."

"नाम?"

"अक्का ही बोलते हैं साहब."

"अरे भैया, सरकार अक्का को पेंशन नहीं देती. नाम बोलिए."

भय्यासाहेबांनी घसा खाकरला. मला वाटतं, मोठ्या बहिणीचं नाव तोंडाने घ्यायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी. "अंजनी," ते म्हणाले. "माँ अंजनी बुलाती थी. इधर शादी हुआ, तो ये कुंदा हो गई. दोनों ये ही है. मैं साथ में खेला हूँ, मार भी खाया हूँ."

"किससे?"

"इसी से."

बाबूंनी लिहून घेतलं. मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि चेष्टा बाजूला ठेवून सांगितलं, "देखिए, आपके कार्ड से एक नाम कम होगा. राशन उतना घटेगा. बाद में मत कहना कि बताया नहीं. मंजूर है?"

भय्यासाहेब समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. तिथे योजनांची पत्रकं चिकटवलेली होती, ती ते वाचत असावेत असं वाटलं. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"मंजूर क्या साहब," भय्यासाहेब म्हणाले. "हो गई ना इनकी शादी."

त्यांनी मशीनवर अंगठा ठेवला. एकदाच ठेवला आणि तो लागला. बाबूंनी काही बटणं दाबली. नाव कमी करण्याचं कारण संगणक विचारत होता. त्यात मृत्यू, स्थलांतर आणि विवाह असे पर्याय होते. बाबूंनी विवाह निवडलं. कार्डातली अंजनी पाटनहून निघाली आणि गढ्यात विठोबांच्या परिवारात येऊन कुंदात मिळाली.

"लो अम्मा," चौकसेबाबू म्हणाले, "आज हुई आपकी बिदाई."

सगळं कार्यालय हसलं. तो जिवंत असलेला म्हातारा अजून बसला होता, त्याने टाळी वाजवली. "दूल्हा भी आया है क्या?" एका मुलीने विचारलं, तर विठोबांनी बसल्या जागी हात वर केला. भय्यासाहेब खाली वाकून पिशवीत कार्ड ठेवत होते. ते ठेवायला त्यांना फार वेळ लागला.

आधारवरचं वय दुरुस्त होऊन पेन्शन मंजूर व्हायला अजून काही फेऱ्या झाल्या, पण त्यांत सांगण्यासारखं काही नाही. पैसे आता वहिनींच्या खात्यात येतात. पहिल्या वेळी त्यांनी चहापत्ती आणि विठोबांसाठी लोकरीची टोपी आणली.

त्या दिवशी मात्र आम्ही भय्यासाहेबांना पाटनच्या बसपर्यंत पोचवायला गेलो. वहिनींनी घरी चलायचा आग्रह केला, ते आले नाहीत. संध्याकाळी पुन्हा गाड्या भरायच्या होत्या. बस लागलेली होती. बहीण-भाऊ उन्हात उभे होते.

"गाडी सुटून राहिली," शेवटी भय्यासाहेब म्हणाले. "अक्का, मटार आहे तवर येऊन जा पाटनले. दोन दिवस राहा."

"आता कशी येऊ?"

"काहून?"

"आतापर्यंत माझं घर होतं, मनात आलं की येत होती. आता नाव नाई माझं तिथं. पाहुणी झाली मी. पाहुणीले बोलावणं लागते."

"बोलावलंच ना आता म्या."

"तू नाई. घरच्या बाईनं बोलावलं पाहिजे."

भय्यासाहेबांनी कपाळावर हात मारला. मग खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि वहिनींच्या हातात दिला. बसच्या आवाजात अवंती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. इकडची बाजू तेवढी ऐकली.

"हो, झालं... हो, दिला त्यानं अंगठा... नाई, जेवला नाई, ऐकते काय तो?... खांदा तसाच आहे... अगं पण मले पोळ्या नाई होणार हातानं... तू करशील? तुले येते काय?... बरं. बरं, शिकवीन. येते."

कंडक्टरने शिटी मारली, भय्यासाहेब बसमध्ये चढले. वहिनींनी फोन खिडकीतून भावाच्या हातात दिला.